मागे राहणारीचा वार

जहाजावर तान्ह्या मुलांची काय सोय असते, याचा मी जितका अभ्यास केला तितका टी.वाय.ला अर्थशास्त्राचाही केला नव्हता. आणि अभ्यासात मी कच्ची नव्हते, हे आधीच सांगून टाकते. खारदांड्यातल्या आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. छापील कागद हातात आला की मी आधी तळाची बारीक अक्षरं वाचते. हे मला कुणी शिकवलं नाही. घरात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लागलेली सवय.

तर बारीक अक्षरांत असं होतं. जहाजावर मुलांसाठी एक मोठी रंगीत खोली असते, घसरगुंडी-बिसरगुंडी असलेली. पण तिथे मूल एकटं सोडायचं तर ते तीन वर्षांचं हवं आणि त्याचा डायपर सुटलेला हवा. त्याहून लहान असेल तर आईबापांपैकी कुणीतरी सोबत बसायचं. म्हणजे घसरगुंडी मुलाची आणि पहारा आपला. पोहायच्या तलावात डायपरवाल्यांना बंदी. आधी कळवलं तर खोलीत पाळणा ठेवतात. दूध गरम करून देतात. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, बाळाचं तेवढं चालतं. आणि अगदी शेवटी, जणू कुणाच्या नजरेला पडू नये अशी एक ओळ होती: आगाऊ सांगितल्यास बाळाजवळ तासभर बसायला बाई मिळेल.

त्या ओळीवर मी बोट ठेवलं आणि नवऱ्याला म्हटलं, "जमलं."

"काय जमलं?"

"आईला दर्यात न्यायचं."

माझा नवरा बोरीवलीचा. चार पिढ्या ऑफिसात गेलेल्या, पाण्याशी संबंध फक्त नळाचा. लग्नानंतर एकदा दांड्यातल्या पोरांनी त्याला मांडव्याच्या बोटीत बसवलं होतं. त्याने डोळे मिटले ते जेट्टी लागेपर्यंत उघडले नाहीत. दांड्यात त्याला अजून विचारतात, "काय जावईबापू, दर्या बघितला का उघड्या डोळ्यांनी?" त्यामुळे तो येणार नाही हे ठरलेलंच होतं. म्हणाला, "तुम्ही मायलेकी जा. मी इथून हात करतो. जमिनीवरून."

आता दांड्यातली बाई आणि तिला दर्यात न्यायचं, यात काय विशेष, असं वाचणाऱ्याला वाटेल. विशेष हे की माझी आई कधीच समुद्रात गेलेली नाही. जन्म किनाऱ्यावर, लग्न किनाऱ्यावर, सगळा संसार मासळीवर. पण आमच्या घरात बाई नावेत चढत नाही. का, ते तिने तिच्या सासूला विचारलं नाही आणि मीही तिला विचारलं नाही. वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट तिने कितीदा तरी घेतलीय. पण ते तिच्या हिशोबात धरायचंच नाही. "ती खाडी गो. खाडी म्हणजे दर्या नाय."

दर्या बाबांचा होता. ते रोज जायचे आणि परत यायचे, आणि परत कसे यायचे ते जेवताना सांगायचे. समुद्रातून मुंबईच्या मागे एक डोंगर दिसतो. त्याला दोन शेंडे आहेत, मध्ये खाच. ती खाच आपल्या देवळाच्या कळसावर आली की नाव सरळ आत घ्यायची, खडक लागत नाहीत. हे सांगून झालं की हात धुता धुता म्हणायचे, "आणि मग तुझी आई दिसते. आज पोपटी नेसली होती. लांबूनच बघितलं."

आणि आई खरंच उभी असायची. बाजारातून आली की टोपली घरात टाकायची, तोंड धुवायची आणि मला काखेला मारून खडकांपाशी जायची. मला आठवतं त्यात तिच्या मानेचा घामट वास आहे आणि तिच्या लुगड्याचा चटका बसेल असा रंग. पोपटी, नारिंगी, गुलबक्षी. फिकं काही ती नेसायचीच नाही. का नेसत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लांबून दिसायला हवं म्हणून.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. खाटेवर गेले, छातीच्या दुखण्याने. नाव त्याआधीच विकली होती.

आणि मी राहायला आले ती नेमकी त्या डोंगराच्या पायथ्याशी. बोरीवलीला आमची सोसायटी नॅशनल पार्कच्या कडेला आहे. बेडरूमच्या खिडकीतून दिसतो तो बाबांचा डोंगर. इतक्या जवळून त्याला खाच-बीच काही दिसत नाही, नुसती हिरवी भिंत. आई माझ्याकडे आली की चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभी राहते. नातू पायाशी लोळत असतो, सासूबाई आतून काहीतरी विचारत असतात, ही आपली उभी. एकदा म्हणाली, "इथून लय मोठा दिसतो. तिथून कसा दिसत असंल?"

एवढंच. आई हट्ट करत नाही. कुणाकडे काही मागत नाही. चहा संपवला आणि कप विसळायला गेली. पण ते 'तिथून' माझ्या डोक्यात राहिलं. मला तिला ते दाखवायचं होतं. आणि सरळ सांगायचं तर मला तो डोंगर बघायचा नव्हता, तो मी रोज बघते. मला तो बघतानाचा तिचा चेहरा बघायचा होता.

संध्याकाळी सुटून, कुलाब्याला वळसा घालून, बाहेर समुद्रात जायचं आणि दोन रात्री काढून परत मुंबईलाच यायचं, अशी एक सफर निघाली होती. मी आईला फोन लावला.

"आई, जहाजावर जायचंय. येशील?"

"मी काय करू जाऊन? मासळी विकू?"

"फिरायला गं."

"फिरायला माझे पाय हायत. बाजारात फिरतेच मी."

फिरायला ती येणार नाही हे मला माहीत होतं. माझी आई कुठेही नुसती जात नाही. लग्नाला गेली तरी स्वयंपाकघरात जाऊन कोलंबी सोलायला बसते. म्हणून मी दुसऱ्या बाजूने गेले.

"अगं, बाळाची पंचाईत आहे. तीन वर्षांखालच्यांना तिथे सांभाळायला घेतच नाहीत."

"घेत नाय? मग एवढा मोठा जहाज कशाला बांधला?"

"तेच तर."

मध्येच तिने कुणा गिऱ्हाइकाला भाव सांगितला. मग म्हणाली, "येते. तू काय, ऑफिसचा फोन आला की पोराला इसरशील. खोली बंद असते ना?"

"बंद म्हणजे?"

"खिडकी-बिडकी."

"आपल्या खोलीला खिडकी नाही."

"मग ठीक."

मला वाटलं, घाबरते. पाण्याला नाही, पण उंचीला, काचेला, कशाला तरी. मी फार विचार केला नाही. पाळणा कळवला, दूध कळवलं, आणि त्या शेवटच्या ओळीतली बाईही सांगून ठेवली, जहाज कुलाबा सोडून बाहेर पडेल त्या वेळेसाठी. माझा बेत साधा होता. बाळ झोपलेलं असेल, बाई बसेल, आम्ही दोघी वर जाऊ.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी लहान होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका पहाटे लिलावाला जायच्या, मोठ्या धक्क्यावर. घरचं म्हावरं पुरत नसे, विकत घ्यावं लागे. तान्ही पोरं घेऊन त्या गर्दीत जाता येत नाही. म्हणून बायकांनी वार लावून घेतले होते. ज्या बाईचा वार, ती मागे राहणार. तिच्या घरात वाशांना लुगड्यांच्या झोळ्या टांगायच्या आणि सगळ्या गल्लीतली पोरं त्यात. बाकीच्या बायका परत आल्या की आपापल्या टोपलीतून थोडं थोडं तिच्या टोपलीत टाकायच्या, म्हणजे तिचा बाजार बुडत नसे. माझ्या आईचा वार मंगळवार होता. गल्लीत कुणाला कॅलेंडर बघावं लागत नसे. झोळ्या कुणाच्या घरात टांगल्यात त्यावरून कळायचं आज काय आहे ते.

या व्यवस्थेला दोनच नियम होते. मागे राहणारीने कुरकुर करायची नाही. आणि जाणारीने मागे वळून बघायचं नाही.

आता मी बीकेसीतल्या एका मोठ्या ऑफिसात काम करते. तिथे पाळणाघर म्हणून पाटी लावलेली एक खोली आहे. ती मी उघडी पाहिलेली नाही.

जहाजाच्या दिवशी आई पोपटी लुगडं नेसून आली. मोठं कुंकू तिने बाबा गेल्यावर सोडलं, रंग सोडले नाहीत. बंदरावर सामान तपासणाऱ्याने आमच्या पिशव्या यंत्रातून काढल्या आणि बाळाच्या खाण्याची पिशवी बाजूला घेतली. उघडली. नाक मागे घेतलं.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. गुरगुट्याचं पीठ, नाचणीचं सत्त्व, आणि त्याच्या खाली जुन्या पावडरच्या डब्यात गच्च भरलेला सुका जवळा.

"बाळाचं खाणं," आई म्हणाली.

"आजी, हे बाळाचं?"

"मग काय माझं? दात आले ना त्याला. दाखव गो दात."

मी बाळाचे दात दाखवले नाहीत. मागे रांग होती आणि रांगेतले लोक नाकाला रुमाल लावत होते. डबा तिथेच ठेवून घेतला, परतताना मिळेल म्हणाले. आई जिना चढेपर्यंत बोलत होती. "दुधाची पावडर चालते, मासळीची पावडर चालत नाय. शिकलेली माणसं."

शिकलेली माणसं म्हणताना ती नेहमी माझ्याकडे बघते. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या पदवीचा फोटो तिने देवांच्या ओळीत लावलाय, आणि उदबत्तीही ओवाळते.

खोली छोटी, स्वच्छ. कागदावर कबूल केल्याप्रमाणे पाळणा होता. खिडकी नव्हतीच. भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर जहाजाच्या नाकाशी लावलेल्या कॅमेऱ्यातून समोरचं पाणी दिसत होतं, सारखं, आवाजाशिवाय. आईने भिंतींवरून हात फिरवला, वरच्या जाळीतून येणाऱ्या गार हवेखाली हात धरून बघितला आणि समाधानाने म्हणाली, "झकास हाय. वारा नाय."

पलंगावर मांडी घालून तिने बाळाला मांडीवर आडवं केलं आणि मांडी हलवायला लागली. तसं हलवलं की कुठलंही पोर झोपतं, हे तिचं हुकमी काम. बाळ झोपलं. तिने ते पाळण्यात ठेवलं. जहाज सुटलेलं मला कळलंही नाही. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी बारीक थरथरायला लागलं तेव्हा कळलं. मी घड्याळ बघत बसले होते. मग दार वाजलं.

दारात जहाजाच्या गणवेशातली एक बाई. माझ्याच वयाची असेल, हसरी, केस घट्ट बांधलेले.

"नमस्कार मॅडम. बाळाजवळ बसायला सांगितलं होतं ना?"

मी काही बोलायच्या आत आईने विचारलं, "ही कोण?"

"तासभर बसेल ती. आपण वर जाऊन येऊ."

"तू बोललीस कुणी नसतं."

"त्या मुलांच्या खोलीत तीन वर्षांखालच्यांना घेत नाहीत, असं बोलले मी."

"वकिलीण झालीस." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं होतं. मांडी सोडून तिने पाय खाली घेतले, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी कडेवर बसली. "मग मना कशाला आणलीस?"

"डोंगर बघायला."

मी भराभर बोलत सुटले. "बाबा सांगायचे तो. खाच दिसते म्हणायचे. आता जहाज बाहेर पडेल, सूर्य अजून आहे, समोरून ऊन पडेल डोंगरावर. दिसेल आई. म्हणून काढलं हे सगळं. बाळाचं नुसतं निमित्त."

आईने टीव्हीकडे बघितलं. तिथे फक्त पुढचं पाणी होतं. मागे राहिलेलं त्यात काही दिसत नव्हतं.

"पोराला सोडून नाय यायची," ती हळू म्हणाली. पण 'नाही' असं काही ते वाटलं नाही.

"मग त्यालाही घेऊ." मी पाळण्याकडे वळले.

"हात लावू नको त्याला!"

मी थांबले. दारातली बाईसुद्धा एक पाऊल मागे गेली.

"जावळ झालंय का त्याचं?" आई म्हणाली. "जावळ काढल्याबिगर पोराला तिन्हीसांजेला दर्यावर उघड्यावर न्यायचं नसतं. आपल्या घरात कोण नेत नाय. तू पण दीड वर्साची होईस्तोवर पाचनंतर खडकांवर आली नाय. खोली बंद असते का, म्हणून विचारलं ना मी तुला?"

जावळ झालं नव्हतं. सासूबाईंना ते त्यांच्या कुलदैवताला जाऊन करायचं होतं आणि सगळ्या नातेवाइकांची सोय बघता बघता ते पुढे पुढे जात होतं. मी पाळण्यात वाकून बघितलं. रेशमासारखे काळे केस घामाने कपाळाला चिकटलेले. जहाजाच्या सगळ्या अटी मी वाचल्या होत्या, बारीक अक्षरांसकट. आमच्या घरची अट मला आठवली नाही. ती कुठे छापलेलीच नव्हती.

मी कॉलेजात शिकले आहे, आणि वाऱ्याने जावळाला काही होत नाही हे मला माहीत आहे. ते मी तिला सांगू शकले असते. पण ते ऐकून ती वर आली असती तरी सगळा वेळ बाळाच्या डोक्यावर पदर धरून उभी राहिली असती. डोंगर राहिला असता बाजूला.

दारातल्या बाईने मध्येच सांगितलं, "मावशी, काळजी नका करू. माझंही आहे लहान. अडीच वर्षांचं."

"कुठं हाय?"

"साताऱ्याकडे. माझ्या आईजवळ."

आईने तिच्याकडे आता नीट बघितलं. "ये, आत ये. उभी का?" ती आत आली. "रोज बोलतेस त्याच्याशी?"

"किनारा लागला की फोन लागतो. मग बोलते. आता मला ओळखतो, पण फोनमध्येच. घरी गेले की आजीच्या मागे लपतो."

आई म्हणाली, "लपतात. मग येतात." आणि मग माझ्याकडे वळून, तिला ऐकू जाईल असंच, "पोरगी चांगली हाय. पण ही काय आपल्या गल्लीतली नाय. तिच्यावर सोडून मी वर गेली आणि पोर उठलं तर? माझं लक्ष लागंल का तिथं?"

टीव्हीतल्या पाण्याचा रंग बदलायला लागला होता. तांबूस झाला होता. वर, आमच्या डोक्यावर, लोक चालत असल्याचे आवाज येत होते. सगळे कठड्याकडे निघाले असणार. इतक्या महिन्यांपासून मी मनात जे रंगवत होते ते असं: ती कठड्याला धरून, मी तिच्या शेजारी, ती बघतेय डोंगराकडे आणि मी तिच्याकडे. ते आता होणार नव्हतं. अर्धंच होणार होतं, तेही आत्ताच्या आत्ता ठरवलं तर.

मी विचारलं, "आई, आज कुठला वार?"

"शनिवार."

"शनिवार माझा. आज माझा वार आहे. तू जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या गल्लीत या बोलण्यावर बोलायची रीत नाही. जिचा वार ती राहते, बाकीच्या टोपल्या उचलतात. शाळेत गेल्यापासून तिने मला कधी कुठला वार दिला नव्हता. परीक्षा होत्या, कॉलेज होतं, नोकरी होती. माझ्या वाट्याचंही तीच करत आली.

उठली. पदर खोचला. मला विचारलं, "उजेड हाय अजून?"

"आहे. पण लवकर जा."

"कुठून जायचं मना काय ठाऊक."

तेव्हा ती बाई म्हणाली, "मॅडम, माझा तास तुमच्याच नावावर आहे. मी नेते मावशींना."

अशी गंमत झाली. बाळाला सांभाळायला मी जी बाई सांगितली होती, ती माझ्या आईचा हात धरून तिला वर घेऊन गेली. दारातून जाताना आईने मागे वळून बघितलं नाही. नियम तिने पाळला.

मी पाळण्याशेजारी बसले. तळव्याला पलंगाची लाकडी कड लागत होती आणि तिच्यातून इंजिनाची धडधड येत होती. टीव्हीवर पाणी. मी रिमोट घेऊन दुसरं काही मिळतं का पाहिलं, मागच्या बाजूचा कॅमेरा वगैरे. नव्हता. पुढे जाणाऱ्यांसाठीच केलेली सोय. बाळाचा श्वास मोजल्यासारखा चालला होता. त्याच्या केसांतून मी बोट फिरवलं. माझ्या मनात आलं, या क्षणी ती कठड्याला पोचली असेल. आता तिचं लुगडं वाऱ्याने फडफडत असेल. आता तिने डोळ्यांवर हात धरला असेल, खडकांवर धरायची तसा. हे सगळं मी बंद खोलीत बसून नुसतं धरून चालले होते. तीसुद्धा इतकी वर्षं असंच करत असणार: आता त्यांनी जाळं टाकलं असेल, आता वळले असतील, आता खाच कळसावर आली असेल. तिने समुद्र असाच बघितला होता. जेवताना सांगितलेला.

बाळ एकदा कुशीवर वळलं. मी नकळत मांडी हलवायला लागले, बाळ मांडीवर नसतानाच.

ती परत आली तेव्हा तिच्या केसांचा अंबाडा सुटला होता आणि गाल थंड होते. साताऱ्याची बाई दारापर्यंत सोडून गेली, तिला दुसऱ्या खोलीत जायचं होतं. आई आधी पाळण्यात वाकली. मग पलंगावर बसली, मांडी घालून, घरच्यासारखी.

"दिसला?"

"दिसला."

"खाच?"

"खाच पण." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझा बापूस खोटारडा."

"का गं?"

"माणूस दिसत नाय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "डोंगर दिसतो. एवढासा, उशीवर डोकं टेकल्यावर राहतो तेवढा खड्डा मधी. त्याच्या खाली धूर. धुरात इमारती, काड्या उभ्या केल्यासारख्या. त्यात वांद्रा कुठला, दांडा कुठला, देऊळ कुठलं, काय कळत नाय. मी त्या पोरीला विचारलं, तिथं कोण उभं असंल तर दिसंल का गो? ती बोलली, नाय मावशी, इथून कोण दिसायचं? आणि हा रोज जेवताना सांगायचा, पोपटी नेसली होतीस, लांबून बघितली."

"अगं, ते इतक्या लांब नसतील. जवळ आल्यावर दिसत असशील."

"तू गप. मना माहीत का तुला?" मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्याने, बाळ दचकेल म्हणून तोंडावर पदर दाबून. "सकाळी मी लिलावाला निघताना बघून ठेवायचा असंल मेला. तेवढं लक्षात ठेवून जायचं आणि संध्याकाळी सांगायचं. आणि मी इथं नवीन लुगडी घेतेय. गुलबक्षी म्हणू नको, नारिंगी म्हणू नको."

मीही हसले. हसता हसता ती थांबली.

"आधी कळलं असतं तर कशाला उभी राहिले असते एवढी," ती म्हणाली.

ग्लासातलं पाणी थरथरत होतं. तिने ग्लास उचलला, अर्धा प्यायली, खाली ठेवला.

"राहिलेच असते म्हणा."

मला तिला विचारायचं होतं, दिसला तेव्हा तू काय केलंस, उभी कशी होतीस, बाबांचं नाव घेतलंस का. पण या गोष्टी विचारायच्या नसतात, तिथे असावं लागतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे आता नुसती वाऱ्याची लाली होती. जे बघायचं होतं ते वर कठड्याशी होऊन गेलं होतं, साताऱ्याच्या एका बाईसमोर.

आईने मला ढोसलं. "जा आता. माझा वार. बघून ये."

"अंधार पडला गं."

"पडंना. जा."

वर गेले तेव्हा पुढच्या बाजूला गाणी लागली होती आणि माणसं फोन उंच धरून एकमेकांचे फोटो काढत होती. मी मागच्या कठड्याकडे गेले. तिथे कुणी नव्हतं. डोंगर अंधारात गेला होता. राहिली होती दिव्यांची एक ओळ, पाण्याला टेकलेली, तिच्यात कुठे बोरीवली आणि कुठे दांडा ते मला सांगता आलं नसतं. फोन लागत नव्हता. नवरा कबूल केल्याप्रमाणे जमिनीवरून हात करत असेल, असं मनात आलं आणि हसू आलं.

मग ध्यानात आलं की आज खडकांवर आमचं कुणीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रातून किनाऱ्याकडे बघणारी मी होते, आणि तिथे उभी राहणारी खाली बंद खोलीत माझ्या पोराजवळ मांडी घालून बसली होती. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही, हे तर तिनेच नुकतं सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं. तरी कठडा धरून मी त्या उजेडाच्या ओळीत कितीतरी वेळ पोपटी रंग शोधत राहिले.